दहा पौंडांची माती

मुलगी नोकरीनिमित्त लिमरिकला असते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्याकडे पाच आठवडे राहण्याचा योग आला. शनिवार-रविवार ती गाडी काढायची आणि आम्ही शॅनन नदीच्या दोन्ही बाजूंचा मुलूख पाहत हिंडायचो. आयर्लंडच्या खेड्यांतून जाताना एक दृश्य इतक्या वेळा समोर येते की चार दिवसांनी त्याचे नवल वाटेनासे होते. हिरवे कुरण, दगडी गडगा, गडग्याआड चरणाऱ्या गाई आणि मध्येच छप्पर नसलेले एक चर्च. पूर्वेची तिकोनी भिंत उभी, तिच्यात उंच अरुंद खिडकी, खिडकीत काचेऐवजी आभाळ. भिंतींवर आयव्हीचा वेल. बहुतेक ठिकाणी ना तिकीट, ना पहारेकरी. लोखंडी फाटक ढकलायचे आणि आत जायचे.

मी वसईचा. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. बँकेतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी वसई किल्ल्यातल्या कबरशिळा वाचायचा नाद लागला आणि त्यातूनच जे काही शिकलो ते शिकलो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातले मठ ओस पडले. त्यामुळे छप्पर नसलेले चर्च म्हणजे संपलेली गोष्ट, असे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते. टिपणवहीतही मी दोन रकाने आखत असे : एक 'मूळ' आणि दुसरा 'नंतरचे'. पहिल्यात मनापासून लिहायचे, दुसऱ्यात उरकून टाकायचे.

हीच वही घेऊन क्लेअर काउंटीतल्या एका लहानशा पडक्या चर्चमध्ये शिरलो. मध्ययुगीन खिडकीचे माप घेत होतो आणि पायाजवळ काळ्या ग्रॅनाइटची गुळगुळीत शिळा दिसली. तिच्यावर कोरलेले साल आमच्या भेटीच्या आधीच्या वर्षाचे होते. फुले ताजी होती. पलीकडे एक वृद्ध गृहस्थ गुडघे टेकून गवत उपटत होते. मुलीने ओळख काढली, बोलणे सुरू झाले. मी विचारले, "हे चर्च तर कधीचेच पडले आहे ना? मग इथे दफन कसे?" ते म्हणाले, "नवे चर्च गावात आहे, रविवारी आम्ही तिकडे जातो. पण माणसे आमची इथे आहेत. आजोबा इथे, वडील इथे, बायको इथे. मीही इथेच येणार."

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?" या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

*

आधी छपरे कशी गेली ते पाहू. त्याची तारीख एक नाही आणि गुन्हेगारही एक नाही.

बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये युरोपातले मठसंप्रदाय आले. ११४२ मध्ये आर्माचे संत मॅलकी यांच्या पुढाकाराने मेलिफाँट येथे सिस्टर्शियन संप्रदायाचा पहिला आयरिश मठ उभा राहिला. पुढच्या तीनशे वर्षांत सिस्टर्शियन, ऑगस्टिनियन, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन अशा मठांचे आणि गावोगावच्या छोट्या चर्चचे जाळे देशभर पसरले. मठाचा आराखडा ठरलेला असे : एका अंगाला चर्च, त्याला लागून चौक, चौकाभोवती ओवऱ्या आणि ओवऱ्यांमागे भोजनशाळा, निजायच्या खोल्या, सभागृह. चौक आणि ओवऱ्या म्हटले की आपल्याला त्या जागेतली शांतता समजावून सांगावी लागत नाही.

१५३६ मध्ये डब्लिनच्या संसदेने आठव्या हेन्रीला आयर्लंडमधल्या चर्चचा प्रमुख ठरवले. मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजाकडे घेण्याचे काम त्याच सुमारास सुरू झाले. घंटा, शिसे, लाकूड यांना पैसे येत. ते काढून नेले की पावसाळी हवेत छप्पर किती टिकणार? शॅननच्या काठचे क्लॉनमॅकनॉइज हे संत किएरान यांनी सहाव्या शतकात स्थापलेले विद्यापीठ. १५५२ मध्ये अॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने ते लुटले, तेव्हा खिडक्यांच्या काचाही मागे ठेवल्या नाहीत, असे इतिवृत्ते सांगतात. शतकभराने क्रॉमवेलच्या फौजा आल्या आणि वाचलेल्यांपैकी बरेच गेले.

पण सगळीच छपरे फौजांनी उतरवली नाहीत. गावोगावची जुनी चर्चे कायद्याने राजमान्य प्रोटेस्टंट चर्चकडे गेली, लोक मात्र बहुसंख्येने कॅथलिकच राहिले. मूठभर भाविकांना एवढ्या इमारतींची गरज नव्हती आणि त्या राखण्याची ऐपतही नव्हती. टिपररी काउंटीतला कॅशेलचा खडक हे याचे ठळक उदाहरण. मन्स्टरच्या राजांची ही टेकडी ११०१ मध्ये धर्मसंस्थेला दान मिळाली. ११३४ मध्ये अभिषेक झालेले कॉर्मॅकचे देऊळ तिथे दगडी छपरासह आजही उभे आहे. त्याला खेटून असलेल्या भव्य कॅथीड्रलला मात्र छप्पर नाही. ते अठराव्या शतकाच्या मध्यात, प्रोटेस्टंट आर्चबिशप आर्थर प्राइस यांच्या कारकिर्दीत उतरवले गेले आणि उपासना खाली गावातल्या चर्चमध्ये हलवली गेली. आर्चबिशपांची घोडागाडी टेकडी चढत नसे म्हणून हे घडले, अशी लोककथा आहे. ती खरी असो वा नसो, लोकांनी ती जपली, यावरून त्यांचे मत कळते.

इमारतींबरोबर जमीनही गेली. १६४१ मध्ये आयर्लंडमधली सुमारे ५९ टक्के जमीन कॅथलिकांच्या मालकीची होती. १७०३ पर्यंत ते प्रमाण १४ टक्क्यांवर आले. साठ वर्षांत एका समाजाच्या पायाखालची जमीन सरकली. मग क्लेअरमधले ते वृद्ध गृहस्थ ज्या तुकड्याला "आमची जागा" म्हणत होते, तो त्यांच्याकडे राहिला कसा?

*

याचे उत्तर मला एका कायद्यात सापडले. १६९७ चा तो कायदा 'हद्दपारीचा कायदा' म्हणून ओळखला जातो. कॅथलिक बिशप आणि मठवासी यांनी १ मे १६९८ पूर्वी देश सोडावा, हे त्याचे मुख्य कलम. इतिहासाच्या पुस्तकांत एवढेच येते. त्याच कायद्यात पुढे एक छोटे कलम आहे : बंद केलेल्या ज्या मठात प्रोटेस्टंट पद्धतीची उपासना होत नाही, तिथे कोणीही प्रेत पुरू नये, पुरल्यास दंड दहा पौंड.

दहा पौंड म्हणजे किती? १७७० च्या दशकात आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाने आयर्लंडभर फिरून नोंदी केल्या. त्यांवरून शेतमजुराची दिवसाची मजुरी सहा-साडेसहा पेन्स पडते. तेव्हा पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे कायदा होऊन पाऊणशे वर्षे झाल्यावरच्या मजुरीनेही एका कबरीचा दंड वर्षभराच्या कमाईहून जास्त होतो.

संसदेने अशी बंदी घातली, याचाच अर्थ लोक तिथे दफन करत होते. कायदे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ज्याची कोणाला गरजच नाही त्यावर बंदी घालत नाहीत. मठ बंद होऊन दीडशे वर्षे उलटली होती. आत संन्यासी नव्हते, वेदी नव्हती, छप्पर नव्हते. तरी माणसे आपले मृत देह तिथेच आणत होती, कारण आधीची पिढी तिथे होती.

कायदा झाल्यानंतर काय झाले, ते दगडच सांगतात. या पडक्या मठांमध्ये अठराव्या शतकातल्या कबरशिळा ठिकठिकाणी आहेत. चर्चच्या मधल्या भागात, ओवरीच्या फरशीत, वेदीच्या जागेशेजारीही. ज्या शतकात हे बेकायदा होते त्याच शतकाचे साल कोरून त्या राजरोस उभ्या आहेत. कलम पुस्तकात राहिले आणि लोक आपल्या रीतीने वागत राहिले.

क्लेअरमधलाच क्विनचा फ्रान्सिस्कन मठ पाहताना हे फार जाणवले. थॉमस द क्लेअर या नॉर्मन सरदाराने १२८० च्या सुमारास इथे किल्ला बांधला. स्थानिक मॅकनमारा घराण्याने तो पाडला आणि पंधराव्या शतकात त्याच्याच पायावर मठ उभारला. कोपऱ्यांतल्या गोल बुरुजांचे बूड अजून दिसते. चौक तर आज बांधल्यासारखा शाबूत आहे. संन्याशांना इथून पुनःपुन्हा हुसकावले गेले आणि ते परिसरात राहून परत येत राहिले. शेवटचे फ्रान्सिस्कन, फादर जॉन होगन, १८२० मध्ये वारले. त्यांना याच ओवरीत पुरले आहे. हद्दपारीच्या मुदतीनंतर एकशे बावीस वर्षांनी, निषिद्ध जागी, निषिद्ध संन्याशाची कबर. माझ्या 'मूळ'च्या व्याख्येत, म्हणजे पंधराव्या शतकात, ती बसत नव्हती. तरी क्विनमधला सर्वांत महत्त्वाचा लेख मला तोच वाटला.

गावच्या जुन्या चर्चभोवतीच्या दफनभूमीत पुरायला बंदी नसे, पण ती प्रोटेस्टंट चर्चच्या ताब्यात आणि तिथे कॅथलिक धर्मगुरूला कबरीपाशी प्रार्थना म्हणण्याची मोकळीक नसे. मग लोकांनी मार्ग काढला. घरी अंत्यविधी करताना धर्मगुरू मूठभर माती मंतरून देत आणि ती माती नंतर कबरीत टाकली जाई. प्रार्थना दफनभूमीत जाऊ शकत नव्हती, माती जाऊ शकत होती. १८२३ मध्ये डब्लिनच्या सेंट केविन दफनभूमीत एका कॅथलिक धर्मगुरूला प्रार्थना म्हणण्यापासून अडवले गेले, तेव्हा मोठा क्षोभ उसळला. पुढच्या वर्षी कायदा थोडा सैल झाला आणि डॅनियल ओ'कॉनेलच्या प्रयत्नांतून १८३२ मध्ये डब्लिनची ग्लासनेविन दफनभूमी सर्व धर्मीयांसाठी खुली झाली. कॅथलिकांवरची उरलेली मोठी राजकीय बंधने त्याआधीच, १८२९ मध्ये, उठली होती.

*

दफनच नव्हे, उपासनाही छपराविना चालू राहिली, याचे उदाहरण मेयो काउंटीत आहे. बॅलिंटबर येथील मठ कॉनाक्टचा राजा कॅथल क्रोव्हडर्ग ओ'कॉनर याने १२१६ मध्ये ऑगस्टिनियन संन्याशांसाठी बांधला. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी तो जाळला आणि छप्पर गेले. तरी लोक तिथे मिस्सासाठी जमतच राहिले. पश्चिम आयर्लंडचा पाऊस आडवा येतो. उघड्या भिंतींत पिढ्यान्पिढ्या उभे राहणे म्हणजे काय, हे तिथे अर्धा तास भिजल्यावर कळते. १८४६ मध्ये दुरुस्ती हाती घेतली, पण बटाट्याच्या दुष्काळाने ती थांबवली. मुख्य भागावर पुन्हा छप्पर चढले ते १९६६ मध्ये, स्थापनेच्या ७५० व्या वर्षी. आज आत बसले की हे चर्च तीन शतके उघडे होते असे सांगूनही पटत नाही.

*

या भटकंतीत एका जुन्या वादाशी गाठ पडली आणि त्यात भारताचाही धागा आहे, म्हणून थोडे थांबतो. आयर्लंडच्या अनेक जुन्या मठांजवळ सडपातळ गोल मनोरे आहेत. गॉलवे काउंटीतला किल्मक्डुआचा मनोरा त्यांत सर्वांत उंच, सुमारे ३४ मीटर. तो एका बाजूला झुकलेला आहे आणि त्याचे दार जमिनीपासून दोन मजल्यांहून उंचावर आहे. हे मनोरे कोणी, कशासाठी बांधले?

१८३० च्या दशकात रॉयल आयरिश अकॅडमीने या प्रश्नावर निबंधस्पर्धा ठेवली. हेन्री ओ'ब्रायन या तरुणाचे म्हणणे होते की हे मनोरे ख्रिस्तपूर्व काळातले असून पूर्वेकडून आलेल्या लोकांनी बांधलेली ती लिंगपूजेची, बौद्ध देवळे आहेत. दुसरे स्पर्धक जॉर्ज पेट्री. ते चित्रकार, गावोगाव फिरून अवशेषांची रेखाटने करणारे. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. मनोऱ्यांचे बांधकाम शेजारच्या चर्चच्या बांधकामाशी ताडून पाहिले आणि जुन्या आयरिश इतिवृत्तांत या मनोऱ्यांना काय म्हणतात ते शोधले. तिथे शब्द होता 'क्लिगहाख', 'घंटा' आणि 'घर' यांचा समास. घंटाघर! क्लॉनमॅकनॉइजचा मनोरा ११२४ मध्ये पुरा झाला आणि ११३५ मध्ये त्यावर वीज पडली, अशा नोंदीही इतिवृत्तांत आहेत.

सुवर्णपदक पेट्रींना मिळाले. ओ'ब्रायनला उत्तेजनार्थ रक्कम मिळाली. त्याने रागारागाने १८३४ मध्ये आपले पुस्तक छापले आणि पुढच्याच वर्षी, तिशीही न गाठता, तो वारला. त्याच्याविषयी वाचताना मला हसू आले नाही. पदवी नसलेल्या, एकट्याने वाचत बसणाऱ्या माणसाला दूरचे धागे जुळवण्याचा मोह किती होतो, हे मी जाणतो. माझ्याही जुन्या वह्यांत असे दोन-तीन ओ'ब्रायन दडलेले आहेत. त्याने हजारो मैलांवर उत्तर शोधले आणि ते जवळच्या माणसांच्या भाषेत होते.

पेट्रींनी क्लॉनमॅकनॉइजच्या प्राचीन कबरशिळांचे लेखही उतरवून घेतले होते. तिथे अशा शेकडो शिळा आहेत. मजकूर बहुधा एवढाच : एक नाव आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा अशी विनंती. पेट्रींच्या मृत्यूनंतर हे लेख मार्गारेट स्टोक्स या विदुषीने संपादून १८७२ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केले. त्याच सुमारास तिचा भाऊ व्हिटली स्टोक्स कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या मंडळाचा विधी सदस्य म्हणून आपल्याकडचे कायदे रचत होता. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याचा हात आहे. आणि फावल्या वेळात तो जुने आयरिश ग्रंथ संपादित करत असे.

*

या साऱ्याला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय लेख पुरा करणे अप्रामाणिक होईल.

आयरिश भाषेत 'किल' म्हणजे छोटे चर्च; किल्डेअर, किल्केनी, किल्मक्डुआ या नावांत तेच आहे. त्याचे लघुरूप 'किलीन'. पण लोकांच्या तोंडी या शब्दाला वेगळा अर्थ चिकटला : बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांना पुरण्याची जागा. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला कॅथलिक चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. असे बाळ स्वर्गातही जात नाही, 'लिंबो' नावाच्या मधल्याच अवस्थेत राहते, अशी शिकवण होती. मग बाप संध्याकाळ उलटल्यावर लहानशी पेटी काखेत घेऊन निघे. सोडून दिलेले जुने चर्च, प्राचीन गढीचा उंचवटा, दोन गावांची शीव, समुद्रकाठ अशा जागी ते बाळ पुरले जाई. वर नाव नसलेला एक दगड, कधी पांढऱ्या गारेचे दोन-चार खडे. आईला बहुधा जागाही ठाऊक नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालले.

मेयोत अशाच एका जागी आम्ही गेलो. गवतात गुडघ्याएवढेही नसलेले दगड ओळीने होते. मुलगी बराच वेळ गप्प होती. दहा पौंडांच्या दंडाला न जुमानता ज्यांनी आपली माणसे पूर्वजांशेजारी नेली, त्याच समाजाने ही बाळे त्या पूर्वजांपासून दूर ठेवली. परक्याचा कायदा मोडणे त्यांना जमले, स्वतःच्या धर्माचा नियम मोडणे जमले नाही. पण तेव्हाही बापाची पावले बऱ्याचदा पडक्या चर्चकडेच वळली, हे विसरता येत नाही. नव्या चर्चने नाकारले, तर जुन्याच्या भिंतीशी. १९६० नंतर प्रथा ओसरली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगाने अशा बाळांच्या मुक्तीची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत असे म्हटले. गेल्या काही दशकांत अनेक किलीनींवर गावकऱ्यांनी स्मृतिशिला बसवल्या, धर्मगुरूंना बोलावून जागा आशीर्वादित करून घेतल्या. कधीकाळी भावंड गमावलेले म्हातारे स्त्री-पुरुष अशा वेळी येतात.

*

१८६९ च्या कायद्याने आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंट चर्चचा राजमान्य दर्जा संपवला. १ जानेवारी १८७१ पासून तो अमलात आला. जपण्याजोगे भग्नावशेष सरकारच्या सार्वजनिक बांधकाम आयुक्तांकडे सोपवण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. कॅशेलचा खडक असा सरकारी देखभालीत आलेल्या पहिल्या वास्तूंपैकी. कॅथलिकांनी तोवर गावोगाव नवी चर्चे बांधली होती. म्हणून बहुतेक जुनी चर्चे पुन्हा शाकारली गेली नाहीत. भिंती सरकारच्या झाल्या, उपासना गावात गेली आणि कबरी कुटुंबांच्या राहिल्या. आजही अशा बऱ्याच ठिकाणी नव्याला जागा मिळत नाही. ज्यांची कुटुंबे आधीपासून तिथे आहेत, त्यांनाच मिळते.

निघण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या पहिल्या चर्चमध्ये गेलो. ते गृहस्थ नव्हते. त्यांच्या पत्नीच्या शिळेवर तिच्या नावाखाली एका नावापुरती जागा मोकळी सोडलेली होती. पहिल्या भेटीत ती माझ्या लक्षात आली नव्हती.

वसईला परतल्यावर जुन्या वह्या काढल्या. वीस वर्षांत 'नंतरचे' या रकान्यात मी काय काय उरकून टाकले होते ते वाचत बसलो : "अलीकडचा क्रूस, महत्त्वाचा नाही", "मेणबत्त्यांचे डाग, अलीकडचे", "फुले". साल नाही, कोणी ठेवली ते विचारलेले नाही. आता रविवारी किल्ल्यात जातो तेव्हा एकच रकाना आखतो. कोणी फुले ठेवताना दिसले तर मोजपट्टी बाजूला ठेवतो आणि आधी त्यांना विचारतो.